सगळ्यात स्वस्त कोटेशन घ्यावं का? कारचा विमा निवडण्याआधी हे हिशेब समजून घ्या

कारचा विमा संपायला महिना राहिला की मोबाईलवर मेसेज सुरू होतात. एक कंपनी ९ हजार सांगते, दुसरी १३ हजार. ओळखीचा एजंट म्हणतो, "फुल इन्शुरन्स करून देतो, टेन्शन नको." गाडी तीच, मालक तोच, मग आकड्यांत चार-चार हजारांचा फरक कसा येतो? स्वस्तातली पॉलिसी घेतली तर नेमकं काय सुटतं?

हा प्रश्न भिवंडी तालुक्यातल्या खारबावसारख्या गावात जास्त महत्त्वाचा ठरतो. दिवा-वसई रेल्वेमार्गावरचं हे स्टेशन आहे, पण रोजची बरीचशी ये-जा रस्त्यानेच होते. गावावरून जाणारा अंजूरफाटा-चिंचोटी रस्ता एका टोकाला मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जातो, तर दुसऱ्या टोकाला भिवंडीच्या गोदामांच्या पट्ट्याकडे. त्यामुळे घरची छोटी कार, दुचाकी आणि रिक्षा यांना कंटेनर आणि ट्रेलरच्या सोबतीनेच चालावं लागतं. पावसाळ्यात त्यात खड्डे आणि साचलेलं पाणी यांची भर पडते. अशा रस्त्यावर विमा म्हणजे पोलिसांना दाखवायचा कागद एवढाच नसतो. एका अपघातात घराची कित्येक वर्षांची बचत जाणार की नाही, हे त्या कागदावर ठरतं.

विमा नसेल तर काय होतं?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक वाहनाला किमान थर्ड पार्टी विमा असणं बंधनकारक आहे. विम्याशिवाय गाडी चालवताना पकडलं गेल्यास कलम १९६ नुसार पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यानंतरच्या गुन्ह्याला दंड ४,००० रुपये आहे.

पण दंड ही त्यातली छोटी गोष्ट आहे. विमा नसलेल्या गाडीची धडक बसून कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला कायमचं अपंगत्व आलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई गाडीमालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. ती रक्कम मृत व्यक्तीचं वय, उत्पन्न आणि तिच्यावर अवलंबून असलेली माणसं पाहून ठरते. ती सहज लाखांत जाते. शेत, घर, दुकान यावर तिचा भार येऊ शकतो.

कारच्या विम्याचे तीन प्रकार

बोलताना लोक "थर्ड पार्टी" आणि "फुल इन्शुरन्स" असे दोनच शब्द वापरतात. प्रत्यक्षात बाजारात तीन प्रकार मिळतात.

पहिला, फक्त थर्ड पार्टी. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान झालं ते यातून भरलं जातं. मृत्यू किंवा दुखापत असेल तर कंपनीच्या जबाबदारीला रकमेची मर्यादा नाही, न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान, म्हणजे समोरची गाडी, कुंपण, दुकानाचं शटर यासाठी खासगी कारला ७.५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असतं. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीला मात्र यातून एक रुपयाही मिळत नाही. गाडी चोरीला गेली किंवा जळाली तरीही नाही.

दुसरा, फक्त ओन डॅमेज. हा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आहे. अपघात, आग, चोरी, पूर, दंगल अशा कारणांनी झालेलं नुकसान यात येतं. १ सप्टेंबर २०१९ पासून तो वेगळा विकत घेता येतो, पण त्या गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असणं गरजेचं आहे.

तिसरा, कॉम्प्रिहेन्सिव्ह किंवा पॅकेज पॉलिसी. यात वरच्या दोन्ही गोष्टी एकत्र असतात. लोक "फुल इन्शुरन्स" म्हणतात तो हा. पण "फुल" या शब्दावर जाऊ नका. या पॉलिसीतही बऱ्याच गोष्टी वगळलेल्या असतात, त्या पुढे येतीलच.

नवीन कार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम लागू झाला. दुचाकीला हाच कालावधी पाच वर्षांचा आहे. इथे अनेकांची गल्लत होते. थर्ड पार्टी तीन वर्षांचा असला तरी ओन डॅमेजचा भाग अनेकदा एकाच वर्षाचा असतो. "शोरूमने तीन वर्षांचा काढून दिलाय" असं समजून लोक दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करत नाहीत आणि नेमकी तेव्हाच गाडी ठोकली जाते.

घरातली माणसं गाडीत असतील तर?

ही सर्वांत कमी विचारली जाणारी आणि सर्वांत महत्त्वाची बाब आहे.

खासगी कारची फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर त्या गाडीत बसलेली माणसं त्या विम्याच्या अर्थाने आपोआप "थर्ड पार्टी" ठरत नाहीत. रस्त्यावरचा पादचारी, समोरचा दुचाकीस्वार, दुसऱ्या गाडीतली माणसं यांना संरक्षण आहे. पण तुमच्याच कारमध्ये मागे बसलेली आई, बायको, मुलं किंवा लिफ्ट दिलेला शेजारी यांच्या भरपाईची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटलं आहे. पॅकेज पॉलिसीत मात्र गाडीतल्या प्रवाशांबाबतची जबाबदारी धरलेली असते. जुनी गाडी आहे म्हणून थर्ड पार्टीवर भागवणाऱ्या कुटुंबांनी हा फरक लक्षात ठेवावा. गाडीची किंमत कमी झाली तरी तिच्यात बसणारी माणसं तीच असतात.

दुसरी बाब म्हणजे मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा. कोटेशनमध्ये तो "पीए ओनर ड्रायव्हर" असा दिसतो. तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्या व्यक्तीसाठीच असतो आणि तिच्याकडे वैध लायसन्स असावं लागतं. गाडी वडिलांच्या नावावर आणि रोज चालवतो मुलगा, अशी स्थिती बऱ्याच घरांत असते. अशा वेळी मुलाला या १५ लाखांचं संरक्षण मिळत नाही. त्याच्यासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा किंवा पॉलिसीत प्रवाशांसाठीचं जादा कव्हर घ्यावं लागतं. मालकाकडे आधीच १५ लाखांचा असा विमा असेल, तर तो पुन्हा घ्यायची सक्ती नाही. मात्र तसं कंपनीला कळवावं लागतं.

प्रीमियमचा कोणता भाग सगळीकडे सारखा असतो?

थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही. केंद्र सरकार विमा नियामक इर्डाशी चर्चा करून तो जाहीर करतं. १ जून २०२२ पासून लागू झालेले खासगी कारचे वार्षिक दर असे:

- १,००० सीसीपर्यंत: २,०९४ रुपये
- १,००० ते १,५०० सीसी: ३,४१६ रुपये
- १,५०० सीसीच्या वर: ७,८९७ रुपये

इलेक्ट्रिक कारला या दरांत १५ टक्के सवलत ठेवली आहे. हे दर सरकार बदलू शकतं, म्हणून पॉलिसी घेण्याच्या दिवशीचा दर पाहावा. पण एका दिवशी सगळ्या कंपन्यांचा थर्ड पार्टीचा आकडा सारखाच असला पाहिजे. "आमच्याकडे थर्ड पार्टी निम्म्या दरात" असं कोणी सांगत असेल, तर तो कागद खोटा असण्याची शक्यता मोठी आहे.

फरक पडतो तो ओन डॅमेजच्या दरात. २००७ पासून हे दर कंपन्यांना मोकळे केले आहेत. गाडीचं मॉडेल, वय, इंजिन, नोंदणीचं ठिकाण, आधीचे क्लेम आणि कंपनीचा स्वतःचा अनुभव यांवर तो ठरतो. जादा कव्हरचे दरही प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. शेवटी सगळ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणून एका कंपनीचा आकडा जीएसटीसह आणि दुसरीचा जीएसटीशिवाय, अशी तुलना होत नाही ना, हे आधी पाहा.

आयडीव्ही: कमी दाखवला तर कोणाचा फायदा?

आयडीव्ही म्हणजे गाडीचं विम्यापुरतं ठरलेलं मूल्य. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली, तर जास्तीत जास्त एवढी रक्कम मिळते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तरी गाडी "टोटल लॉस" धरली जाते.

हे मूल्य त्या मॉडेलच्या सध्याच्या विक्री किमतीतून घसारा वजा करून काढतात. गाडी सहा महिन्यांच्या आतली असेल तर ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा धरतात. पाच वर्षांपुढे कंपनी आणि मालक यांच्यात ठरेल ती रक्कम.

ऑनलाइन कोटेशन काढताना आयडीव्ही थोडा खाली-वर करता येतो. तो खाली आणला की प्रीमियम उतरतो आणि कोटेशन यादीत वर दिसू लागतं. स्वस्त दिसणाऱ्या बऱ्याच आकड्यांमागचं कारण एवढंच असतं.

एका गाडीची तीन कोटेशन्स

समजा, खारबावमधल्या एका कुटुंबाची १,२०० सीसीची पेट्रोल कार आहे. तिला नुकतीच तीन वर्षं पूर्ण झाली. त्याच मॉडेलची आजची किंमत ७ लाख रुपये. ४० टक्के घसारा वजा करून आयडीव्ही ४,२०,००० रुपये येतो. तीन वर्षांत एकही क्लेम नाही, म्हणून ३५ टक्के नो क्लेम बोनस आहे. खालची कोटेशन्स समजण्यासाठी घेतलेली आहेत, थर्ड पार्टीचा दर मात्र खरा आहे.

कोटेशन अ: आयडीव्ही ४,२०,०००. ओन डॅमेज ८,०००, त्यातून ३५ टक्के बोनस वजा जाता ५,२००. झिरो डेप २,०००. थर्ड पार्टी ३,४१६. मालकाचा अपघात विमा ३००. एकूण १०,९१६. जीएसटीसह १२,८८१ रुपये.

कोटेशन ब: आयडीव्ही ३,६०,०००. ओन डॅमेज ६,६००, बोनस वजा जाता ४,२९०. झिरो डेप नाही. थर्ड पार्टी ३,४१६. मालकाचा अपघात विमा नाही. एकूण ७,७०६. जीएसटीसह ९,०९३ रुपये.

कोटेशन क: आयडीव्ही ४,२०,०००. ओन डॅमेज ७,४००, बोनस वजा जाता ४,८१०. झिरो डेप २,१००. इंजिन प्रोटेक्शन ७००. थर्ड पार्टी ३,४१६. मालकाचा अपघात विमा ३००. एकूण ११,३२६. जीएसटीसह १३,३६५ रुपये. पण यात ५,००० रुपयांचा ऐच्छिक वाटा आहे, म्हणजे प्रत्येक क्लेममधले एवढे पैसे मालकाने स्वतः भरायचे.

नुसत्या शेवटच्या आकड्याकडे पाहिलं तर "ब" ३,७८८ रुपयांनी "अ"पेक्षा स्वस्त आहे. पण त्यातले फक्त १,०७४ रुपये, तेही जीएसटी धरून, ओन डॅमेजच्या फरकाचे आहेत. त्यासाठी आयडीव्ही ६०,००० रुपयांनी खाली आला आहे. उद्या गाडी चोरीला गेली तर "ब"वाल्याला "अ"वाल्यापेक्षा ६०,००० रुपये कमी मिळतील. बाकीची बचत झिरो डेप आणि मालकाचा अपघात विमा काढून टाकल्यामुळे झाली आहे. म्हणजे वस्तू स्वस्त झालेली नाही, वस्तूच कमी दिलेली आहे.

अपघात झाला तर हिशेब कसा बदलतो?

आता समजा, अंजूरफाट्याच्या दिशेने जाताना कंटेनरने कट मारला आणि कार डिव्हायडरला घासली. गॅरेजचं बिल ४०,००० रुपये आलं. त्यात प्लास्टिकचा बंपर ८,०००, पत्र्याचा दरवाजा १२,०००, काच ७,०००, मजुरी ५,००० आणि रंगकाम ८,००० रुपये.

झिरो डेप नसेल तर कंपनी प्रत्येक भागावर घसारा कापते. प्लास्टिक, रबर, टायर-ट्यूब, बॅटरी यांवर ५० टक्के कपात होते. काचेवर काहीच नाही. पत्र्याच्या भागावर गाडीच्या वयानुसार कपात होते. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ती २५ टक्के असते. रंगकामाचं एकत्रित बिल असेल तर त्यातला एक चतुर्थांश भाग सामानाचा मानतात आणि त्याच्या निम्मी रक्कम कापतात.

या बिलात बंपरचे ४,०००, दरवाजाचे ३,००० आणि रंगाचे १,००० असे ८,००० रुपये घसाऱ्यात गेले. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेमला १,००० रुपये सक्तीने मालकाने भरायचे असतात. १,५०० सीसीच्या वरच्या कारला हीच रक्कम २,००० आहे.

म्हणून "ब"वाल्याच्या खिशातून ९,००० रुपये गेले. "अ"वाल्याचे फक्त १,०००. "क"वाल्याकडे झिरो डेप असूनही ऐच्छिक ५,००० आणि सक्तीचे १,००० मिळून ६,००० गेले. प्रीमियम धरला तर वर्षाचा एकूण खर्च "अ"चा १३,८८१, "ब"चा १८,०९३ आणि "क"चा १९,३६५ रुपये झाला.

अपघात झालाच नाही तर अर्थातच "ब" स्वस्त पडतो. आणि इंजिनात पाणी गेलं तर तिघांपैकी फक्त "क"कडे त्याचं कव्हर आहे. म्हणून "सगळ्यात चांगली पॉलिसी कोणती" हा प्रश्न अर्धाच आहे. आपल्या गाडीला कोणता धोका जास्त आहे, हा त्याचा उरलेला अर्धा भाग.

पावसाळा, खड्डे आणि टायर

पुराने झालेलं नुकसान पॅकेज पॉलिसीत येतं. सीट भिजल्या, कार्पेट खराब झालं, वायरिंग गेलं, तर क्लेम करता येतो. पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सेल्फ मारून चालू करायचा प्रयत्न केला, तर पाणी इंजिनात ओढलं जातं आणि आतले भाग वाकतात. हे नुकसान पुरामुळे नव्हे, चालकाच्या कृतीमुळे झालं, असं म्हणून साध्या पॉलिसीत कंपनी ते नाकारते. इंजिन प्रोटेक्शन हे जादा कव्हर यासाठीच असतं. त्यातही अटी असतात, त्या वाचून घ्याव्यात.

म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर चावी फिरवू नका. फोटो काढा, कंपनीला फोन करा आणि गाडी टो करून न्या. हा सल्ला इंजिन प्रोटेक्शन असलेल्यांनाही लागू आहे.

खड्ड्यांची गोष्ट वेगळी आहे. खड्ड्यात आपटून नुसता टायर फाटला, तर साध्या पॅकेज पॉलिसीतून त्याचे पैसे मिळत नाहीत. टायरसोबत गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचा क्लेम लागतो, तोही बदलीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत. ऑइल चेंबर फुटून तेल गळत असताना गाडी तशीच पुढे दामटली आणि इंजिन जाम झालं, तर चेंबरचे पैसे मिळतील, इंजिनचे मिळणं कठीण.

नेहमीची झीज, बिघाड, मद्यपान करून चालवणं, लायसन्स नसलेल्याच्या हातात गाडी देणं, यात झालेलं नुकसान कोणत्याही "फुल" पॉलिसीत येत नाही.

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवत असाल तर

गोदामांच्या भागात कामगारांची ने-आण, लग्नसराईत वऱ्हाडाच्या फेऱ्या यासाठी घरची खासगी कार भाड्याने देणारे बरेच जण असतात. खासगी कारच्या पॉलिसीत वापराची अट स्पष्ट असते: भाडं घेऊन प्रवासी किंवा माल नेता येत नाही. अशा फेरीत अपघात झाला आणि भाडं घेतल्याचं सिद्ध झालं, तर स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. थर्ड पार्टीला दिलेले पैसेही कंपनी मालकाकडून वसूल करण्याचा प्रयत्न करू शकते. त्या धंद्यासाठी गाडीची नोंदणी, परमिट आणि विमा हे तिन्ही व्यावसायिक असले पाहिजेत.

नो क्लेम बोनस: क्लेम कधी करू नये?

एक वर्ष क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या प्रीमियमवर २० टक्के सूट मिळते. मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला हा बोनस शून्यावर येतो.

वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाला पुढच्या वर्षी ४५ टक्के बोनस मिळाला असता. ओन डॅमेज ८,००० धरला तर ती सूट ३,६०० रुपयांची, जीएसटी धरून ४,२४८. त्यापुढच्या वर्षीही बोनस खालच्या पायरीवरूनच सुरू होतो. म्हणून तीन-चार हजारांच्या डेंटसाठी क्लेम करणं बहुतेक वेळा तोट्याचं असतं. गॅरेजवाला "विम्यातून करून टाका" म्हणाला, तरी आधी हा हिशेब मांडावा. बोनस टिकवणारं जादा कव्हर घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवीन घेतली तर तो नव्या गाडीला लावता येतो. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर तो जातो. आणि आधी क्लेम केला असूनही "बोनस आहे" असं सांगून पॉलिसी घेतली, तर कंपन्या आपसात माहिती तपासतात आणि ऐन क्लेमच्या वेळी अडचण उभी राहते. एजंटने फॉर्म भरला तरी त्यातल्या माहितीची जबाबदारी मालकावर असते.

सेकंड हॅण्ड कार घेतली असेल तर

गाडी नावावर झाली म्हणजे विमाही झाला, असं होत नाही. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे जातं, पण ओन डॅमेजसाठी नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. आरसी बुक एका नावावर आणि पॉलिसी दुसऱ्या नावावर असताना अपघात झाला, तर गाडीच्या दुरुस्तीचे पैसे अडकतात. आधीच्या मालकाचा बोनसही नव्या मालकाला मिळत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते.

कोटेशन तुलना करताना हा क्रम ठेवा

१. सगळ्या कंपन्यांना एकच आयडीव्ही सांगा. तो बाजारातल्या खऱ्या किमतीच्या जवळचा असावा.

२. सगळीकडे तीच जादा कव्हर निवडा आणि मगच आकडे पाहा. झिरो डेपमध्ये वर्षाला किती क्लेम चालतात हे विचारा. काही पॉलिसींत त्याची संख्या ठरलेली असते.

३. ऐच्छिक वाटा किती आहे ते पाहा. न सांगता २,५०० किंवा ५,००० टाकलेले असू शकतात.

४. बोनसचा टक्का बरोबर धरला आहे का, हे जुन्या पॉलिसीवरून तपासा.

५. कॅशलेस गॅरेजची यादी उघडा. खारबावहून भिवंडी, ठाणे किंवा वसई यांपैकी जिकडे तुम्ही गाडी नेता, तिकडे तुमच्या कंपनीच्या गाडीचं गॅरेज त्या यादीत आहे का? नसेल तर आधी पूर्ण बिल भरून नंतर पैशांची वाट पाहावी लागते.

६. गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चॅसिस नंबर आणि नाव आरसीप्रमाणे अक्षर अन् अक्षर जुळवा.

७. पैसे कंपनीच्या खात्यात गेले का आणि पॉलिसी कोणत्या तारखेच्या किती वाजल्यापासून सुरू होते, हे पाहा. प्रीमियम जमा होण्याआधी कंपनीवर जबाबदारी येत नाही. पॉलिसी मिळाल्यावर एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची नोंद दिसते का, तेही तपासता येतं.

जुनी पॉलिसी संपण्याआधीच हे सगळं करा. एक दिवसाचाही खंड पडला तर त्या दिवशी गाडीला कोणतंच कव्हर नसतं आणि ओन डॅमेज पुन्हा घेताना गाडीची तपासणी करावी लागते.

क्लेम नाकारला तर कुठे जायचं?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करा आणि नाकारण्याचं कारण लेखी मागा. तिथे दाद लागली नाही तर इर्डाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणं चालतात. मात्र कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला असतो.

थोडक्यात

गाडी पाच वर्षांच्या आतली असेल, रोज जड वाहनांच्या रस्त्यावर चालत असेल, तर पॅकेज पॉलिसी, झिरो डेप आणि योग्य आयडीव्ही यांवर काटकसर करू नये. रस्त्यात पाणी साचत असेल तर इंजिन प्रोटेक्शनचा विचार करावा. गाडी खूप जुनी असेल आणि दुरुस्तीचा खर्च स्वतः पेलता येत असेल, तर जादा कव्हर सोडली तरी चालतील, पण घरची माणसं गाडीत बसत असतील तर फक्त थर्ड पार्टीवर जाण्याआधी दोनदा विचार करावा.

आज एवढं करा: पॉलिसीचा कागद किंवा पीडीएफ उघडा आणि चार गोष्टी शोधा. संपण्याची तारीख, आयडीव्ही, ऐच्छिक वाटा आणि जादा कव्हरची यादी. या चार ओळी माहीत असतील, तर पुढच्या वेळी कोणी "नऊ हजारात फुल इन्शुरन्स" म्हणाला की त्याला काय विचारायचं, ते तुम्हाला ठाऊक असेल.